गोळी बंद करायच्या आधी

पत्र

डॉक्टर, मी 26 वर्षांची आहे. कराडजवळच्या गावात सासरी राहते. मिस्टर चाकणला कंपनीत आहेत, शनिवार-रविवारी घरी येतात. दहावीत असताना मला पहिल्यांदा फिट आली. तेव्हापासून सोडियम व्हॅल्प्रोएटची 500 ची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू आहे. गेल्या तीन वर्षांत एकदाच फिट आली, तीही बीएडच्या परीक्षेत जागरणं झाली आणि दोन दिवस गोळ्या राहिल्या म्हणून. मिस्टरांना लग्नाआधीच सांगितलं होतं. सासूबाईंना माहीत नाही. त्यांना वाटतं, मी रक्तवाढीच्या गोळ्या घेते. लग्नाला सव्वा वर्ष झालं, आता जो तो ‘गोड बातमी कधी’ विचारतो. परवा मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला, की या गोळीमुळे बाळाच्या पाठीला भोक राहतं, बाळ मतिमंद होतं. तेव्हापासून झोप उडाली आहे. माझे डॉक्टर दर सहा महिन्यांनी ‘कंटिन्यू’ लिहून देतात, त्यांनी हे कधीच सांगितलं नाही. मी ठरवलंय, पुढच्या महिन्यापासून गोळ्या बंद करायच्या, तीन महिने शरीर साफ होऊ द्यायचं आणि मग चान्स घ्यायचा. बरोबर आहे ना?

— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर

नाही, बरोबर नाही. बाकीचं सावकाश वाच, पण आज संध्याकाळची गोळी वेळेवर घे आणि उद्या सकाळचीही घे. आणि पुढचं सगळं ठरेपर्यंत दिवस जाणार नाहीत याची काळजी दोघांनी घ्या. या दोन गोष्टी एकत्रच करायच्या आहेत. एक केली आणि दुसरी सोडली तर उपयोग नाही.

आता व्हिडिओबद्दल. तो खोटा नव्हता, हे तुला सरळ सांगते. फिट्सवरच्या औषधांपैकी गरोदरपणात सगळ्यात जास्त धोका ज्याचा सिद्ध झालेला आहे, ते औषध हेच. फ्रान्समधल्या ल्यों शहरात 1982 मध्ये एलिझाबेथ रोबेर या संशोधिकेच्या लक्षात आलं, की पाठीचा कणा नीट न मिटलेल्या बाळांच्या आयांमध्ये हे औषध घेणाऱ्या बायका जरा जास्तच दिसतायत. त्यानंतर जगभरातून नोंदी जमत गेल्या. आपल्याकडेही तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा इन्स्टिट्यूटमध्ये 1998 पासून फिट्स असलेल्या गरोदर बायकांची नोंदवही ठेवली जाते, आणि ‘युरॅप’ या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत तर हजारो गरोदरपणांची माहिती आहे. कुठलंही औषध न घेणाऱ्या बाईच्या बाळात मोठं व्यंग असण्याचं प्रमाण शंभरात दोन-तीन असतं. युरॅपनं 2018 मध्ये जे आकडे दिले त्यात व्हॅल्प्रोएटचा रोजचा डोस 650 मिलिग्रॅमपर्यंत असेल तर शंभरात सहाच्या आसपास, 650 ते 1450 च्या मध्ये असेल तर अकराच्या आसपास आणि त्याहून वर असेल तर पंचवीस. तुझा डोस दिवसाला 1000, म्हणजे तू मधल्या गटात येतेस. यात कण्याचं व्यंग येतं, हृदयाचं येतं, दुभंगलेला टाळू येतो.

पण मला स्वतःला याहून जास्त काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि त्याबद्दल व्हिडिओवाले फारसं नीट बोलत नाहीत. पोटात असताना हे औषध मिळालेल्या शंभर मुलांपैकी तीस ते चाळीस मुलांना पुढे वाढीत काही ना काही अडचण येते. उशिरा बोलणं, उशिरा चालणं, शाळेत लक्ष न लागणं, काहींत ऑटिझम. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये अशा मुलांचा सहा वर्षांपर्यंत पाठपुरावा झाला, तेव्हा इतर फिटच्या औषधांवरच्या आयांच्या मुलांपेक्षा यांचा बुद्ध्यांक सरासरी दहाएक गुणांनी कमी भरला. सोनोग्राफीत यातलं काहीही दिसत नाही. पाचव्या महिन्यात ‘सगळं नॉर्मल आहे’ असा रिपोर्ट हातात येतो, घरात पेढे वाटले जातात, आणि बालवाडीच्या बाई काय म्हणतायत ते तीन-चार वर्षांनी कळतं.

हे वाचून तुझा हात गोळ्यांची बाटली फेकायला जाईल. थांब. तुझ्या त्या ‘तीन महिने शरीर साफ’ च्या हिशेबाकडे बघू. व्हॅल्प्रोएट शरीरात साठून राहणारं औषध नाही. शेवटच्या गोळीनंतर चार-पाच दिवसांत ते रक्तातून जवळजवळ गेलेलं असतं. म्हणजे उरलेले पंचाऐंशी दिवस शरीर काही साफ करत नसतं, तू नुसती औषधाविना असतेस. बीएडच्या वेळी दोन दिवस गोळ्या राहिल्या तर काय झालं, ते तूच लिहिलं आहेस. अचानक बंद केलेल्या औषधानंतर येणारी फिट नेहमीच्या फिटसारखी एकटी येईलच असं नाही. एकामागून एक येत राहून न थांबणाऱ्या फिट्स होऊ शकतात, त्यात जीव जाऊ शकतो. आणि समजा त्या तीन महिन्यांत दिवस राहिले, तर पोटावर पडणं, गुदमरणं, विहिरीवर किंवा गॅसपाशी फिट येणं, हे सगळं बाळाच्या वाट्यालाही येणार. ब्रिटनमध्ये मातामृत्यूंची दरवर्षी तपासणी होते. फिट्समुळे गेलेल्या बायकांमध्ये झोपेत अचानक गेलेल्यांचं प्रमाण तिथं मोठं आहे. औषधाचा धोका खरा, तसाच बंद करण्याचाही खरा. या दोन्हींच्या मधली वाट औषध बदलण्याची आहे, आणि ती तज्ज्ञाशिवाय चालायची नाही.

वेळेचं महत्त्व कळावं म्हणून एवढं सांगते. बाळाचा कणा आणि मेंदू ज्यातून घडतो ती नळी गर्भ राहिल्यापासून अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते. पाळीच्या भाषेत सांगायचं तर पाळी चुकून दोन आठवडे होतात तोवर. आपल्याकडे बाई आठ-दहा दिवस वाट बघते, मग किट आणते, मग नवऱ्याला शनिवारी सांगते, मग डॉक्टरांची अपॉइंटमेंट. तोवर ती नळी मिटून झालेली असते किंवा मिटायची राहून गेलेली असते. म्हणून दिवस गेल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आत्ता, पाळी नियमित येत असताना तू हे पत्र लिहिलंस, याचं मला फार बरं वाटलं.

काय करायचं ते आता. पुणे, सातारा, कोल्हापूर, कराड, जिथं जमेल तिथं न्यूरोलॉजिस्टची, म्हणजे मेंदूविकारतज्ज्ञांची वेळ घे. फिजिशियन नको, न्यूरोलॉजिस्टच हवेत. जुनी सगळी कागदं घेऊन जा, पहिला ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख, सापडला तर तोही. आत गेल्यावर पहिलं वाक्य हे असू दे: ‘मला वर्षभरात मूल हवं आहे आणि मी व्हॅल्प्रोएटवर आहे.’ इतकं म्हटलंस की पुढचं संभाषण ‘कंटिन्यू’ वर संपणार नाही.

एक गोष्ट तू लिहिलेली नाहीस, पण तुझं वय आणि जागरणाचा संदर्भ वाचून मला विचारावीशी वाटते. सकाळी उठल्या उठल्या हात झटकतात का? दात घासताना ब्रश उडतो, चहाचा कप हातातून निसटतो आणि आई म्हणायची ‘लक्ष कुठे असतं तुझं’, असं काही? असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांग. वयात येताना सुरू होणारा फिट्सचा एक प्रकार असा असतो. त्यात व्हॅल्प्रोएट उत्तम चालतं, म्हणूनच ते इतक्या मुलींना लिहून दिलं जातं. या प्रकारात औषध पूर्ण बंद केलं तर फिट्स बहुतेकदा परत येतात, आणि कार्बामॅझेपिन किंवा फेनिटॉइनसारखी काही औषधं दिली तर झटके उलट वाढतात. त्यामुळे शेजारणीला चालली ती गोळी तुला चालेलच असं नाही.

बहुधा तुझ्यापुढे दोन नावं येतील, लेव्हेटिरासेटॅम आणि लॅमोट्रिजिन. युरॅपच्या त्याच नोंदींमध्ये या दोन्हींचा आकडा शंभरात तीनच्या आत आहे, म्हणजे औषध न घेणाऱ्या बाईच्या जवळपास. पहिल्यानं काही जणींची चिडचिड वाढते, मन उदास होतं. तसं झालं तर ‘माझा स्वभावच असा’ म्हणून सोडून देऊ नकोस, डॉक्टरांना सांग. दुसऱ्याचं तंत्र वेगळं. व्हॅल्प्रोएट चालू असताना लॅमोट्रिजिनची रक्तातली पातळी खूप वाढते, म्हणून ते अगदी लहान डोसानं सुरू करून आठवड्या-आठवड्यांनी चढवावं लागतं. घाई केली तर अंगावर गंभीर पुरळ उठू शकतं. नवं औषध चढत जातं, जुनं उतरत जातं, आणि हा फेरबदल पुरा व्हायला काही महिने लागतात. त्यानंतरही काही महिने नव्या औषधावर फिट येत नाही ना, हे बघायचं असतं. तेवढ्या काळासाठी निरोध किंवा तांबी वापरा. गर्भनिरोधक गोळ्या डॉक्टरांना न विचारता सुरू करू नकोस, लॅमोट्रिजिन आणि त्या गोळ्या एकमेकींच्या आड येतात.

फॉलिक ॲसिड आत्तापासून सुरू करायचं, दिवस गेल्यावर नाही. आपल्याकडे सहसा 5 मिलिग्रॅमची गोळी दिली जाते, पण डोस डॉक्टरच ठरवतील. मात्र ‘फॉलिक घेतेय म्हणजे व्हॅल्प्रोएट चालेल’ असा अर्थ काढू नकोस. व्हॅल्प्रोएटमुळे येणारी व्यंगं फॉलिकनं थांबतात, असं दिसलेलं नाही.

आणि काही बायकांना दुसरं कुठलंच औषध लागू पडत नाही, हेही खरं आहे. तसं तुझ्या बाबतीत निघालं तर व्हॅल्प्रोएटच, पण कमीत कमी डोसात, आणि मूल हवं की नको याचा निर्णय सगळं माहीत असताना तुम्ही दोघांनी घ्यायचा. तो निर्णय कोणी तुमच्या वतीनं घेऊ नये, डॉक्टरांनीही नाही.

तू विचारलंस त्याच्या मागे आणखी एक प्रश्न आहे: मला कुणी सांगितलं का नाही? राग येणं साहजिक आहे, मलाही येतो. आपल्याकडे गोळ्या कशा मिळतात बघ. खोक्यात माहितीपत्रक असतं, घडी घालघालून बोटाएवढं केलेलं, मुंगीच्या अक्षरातलं. केमिस्ट स्ट्रिप कात्रीनं कापून दहा-पंधरा गोळ्या कागदी पाकिटात देतो, पत्रक दुकानातच राहतं. ओपीडीत बाहेर चाळीस माणसं बसलेली असतात. सोळा वर्षांच्या मुलीला औषध सुरू करताना तिच्या भावी बाळंतपणाचा विषय काढायला डॉक्टरही कचरतात आणि आईही. मुलगी वीस वर्षांची होते, लग्न होतं, आणि कागदावरचं ‘कंटिन्यू’ तसंच चालू राहतं. माझ्या मते फिट्स असलेल्या प्रत्येक मुलीला हे वयात येतानाच सांगायला हवं, आईच्या देखत.

यात आपण एकटे मागे आहोत असंही नाही. फ्रान्समध्ये हे औषध 1967 पासून वापरात होतं. तिथल्या औषध नियामकांनी 2017 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार पन्नासेक वर्षांत 2150 ते 4100 मुलं मोठी व्यंगं घेऊन जन्मली. हे उजेडात आणलं ते मुख्यतः आयांनी. मारीन मार्तां या बाईनं, स्वतःच्या दोन मुलांच्या बाबतीत हे घडल्यावर, 2011 मध्ये संघटना काढली आणि सरकारला भरपाईची योजना आणावी लागली. ब्रिटनमध्ये बॅरोनेस कंबरलेज यांच्या समितीनं 2020 मध्ये अहवाल दिला, त्यातही हेच निघालं, की बायका वर्षानुवर्षं सांगत होत्या आणि त्यांचं कुणी ऐकून घेत नव्हतं. आता तिकडे मूल होण्याच्या वयातल्या बाईला हे औषध द्यायचं तर दरवर्षी तज्ज्ञाशी बोलणं आणि सही केलेला कागद लागतो. गरोदरपणातल्या औषधाचा विषय निघाला की लोक थॅलिडोमाइडचं नाव घेतात. तिथं जगभर दहा हजारांहून जास्त मुलं हातापायांची व्यंगं घेऊन जन्मली, आणि 1961 च्या शेवटी जर्मनीत ते औषध बाजारातून काढलं. पण ते झोपेसाठी आणि मळमळीसाठी दिलं जायचं, काढून टाकल्यानं कुणाचं अडलं नाही. व्हॅल्प्रोएट असं काढून टाकता येत नाही. कित्येकांचा जीव त्याच्यावर आहे, तुझाही इतकी वर्षं होता. म्हणून इथं बंदीपेक्षा बोलणं महत्त्वाचं.

आता सासूबाई. त्यांना न सांगता गरोदरपण निभावेल असं तुला वाटत असेल, तर मला तसं वाटत नाही, आणि कारण अगदी व्यावहारिक आहे. दिवस गेले की लॅमोट्रिजिनची रक्तातली पातळी उतरते, डोस वाढवावा लागतो, बाळंतपणानंतर पुन्हा कमी करावा लागतो, मधे रक्त तपासावं लागतं. अकराव्या ते तेराव्या आठवड्यातली आणि अठरा ते वीस आठवड्यांमधली सोनोग्राफी चुकवून चालत नाही. (त्यात गंभीर व्यंग दिसलं तर काय करता येतं, याचा कायदा 2021 मध्ये बदलला आहे. चोविसाव्या आठवड्यानंतरही वैद्यकीय मंडळाच्या परवानगीनं गर्भपात करता येतो. ती वेळ बहुतेकींवर येत नाही.) इतक्या फेऱ्या ‘रक्तवाढीच्या गोळ्यां’साठी कुणी मारत नाही. आणि बाळ झाल्यावर तुझी खरी गरज झोप असेल. जागरणानं तुला फिट येते, तान्हं बाळ रात्री तीनदा उठवतं. रात्रीचं एक दूध काढून ठेवून कुणीतरी पाजायला हवं, आंघोळ घालताना कुणीतरी शेजारी हवं, कपडे पलंगावर न बदलता खाली सतरंजीवर बदलायचे हे घरात सगळ्यांना माहीत हवं. मिस्टर चाकणला. ते ‘कुणीतरी’ सासूबाईच असणार. अंगावरचं दूध मात्र लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरासेटॅमवर असताना खुशाल पाज, आणि फिट्स आहेत एवढ्याच कारणावरून कुणी सिझेरियन सुचवलं तर कारण विचार.

सांगायचं काम नवऱ्यानं करावं. आई त्याची आहे. तू शेजारी बस, पण सुरुवात त्याची. वाक्य साधं ठेवा: हिला दहावीत असल्यापासून फिट्सचा त्रास आहे, मला लग्नाआधी माहीत होतं, औषधानं ताब्यात आहे, आता बाळासाठी औषध बदलायचंय आणि त्यात तुझी मदत लागेल. ‘फसवलंत’ हा शब्द येईल, तयारी ठेवा. कुणी नातेवाईक घटस्फोटापर्यंत बोलला तर एवढं माहीत असू दे, की हिंदू विवाह कायद्यातून फिट्सचं कारण 1999 मध्येच काढून टाकलंय, आणि 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानंही फिट्सवरून घटस्फोट मागणाऱ्या नवऱ्याला नकार दिला. पण बहुतेक घरांत गोष्ट तिथवर जात नाही. माझ्याकडे एका सुनेनं अशीच भीत भीत सासूला आणलं होतं. सगळं ऐकून झाल्यावर त्या माउलीनं एकच विचारलं, ‘मग फिट आल्यावर कांदा हुंगवायचा का चप्पल?’ दोन्ही नाही. कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा-बोट काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना. पुढच्या तपासणीला त्या एकट्याच आल्या, रिपोर्ट घेऊन.

घरात बोलायला माणूसच नाही असं वाटलं तर पुण्यात संवेदना फाउंडेशन हा फिट्स असलेल्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा स्वमदत गट आहे. लग्न होऊन, औषध घेऊन, मुलं झालेल्या बायका तिथं भेटतील. फिट्स असलेल्या शंभरातल्या नव्वदहून जास्त बायकांना निरोगी बाळं होतात, हे माझ्याकडून वाचण्यापेक्षा त्यांच्यातल्या एकीकडून ऐक.

न्यूरोलॉजिस्टची भेट झाली की त्यांनी कुठलं औषध सुचवलं ते कळव. नव्या गोळीनंतर अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा ताप आला तर मात्र मला लिहीत बसू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव.

ता. क. इतर वाचकांसाठी. हे औषध फक्त फिट्ससाठी दिलं जात नाही. मायग्रेनसाठी आणि मनाच्या चढउतारांच्या आजारासाठी बऱ्याच जणींना डायव्हॅल्प्रोएक्स दिलं जातं. स्ट्रिपच्या मागे सोडियम व्हॅल्प्रोएट, व्हॅल्प्रोइक ॲसिड किंवा डायव्हॅल्प्रोएक्स यांपैकी काहीही लिहिलेलं असलं तरी औषध एकच. त्यावर असताना दिवस राहिलेले असतील तर गोळी स्वतःहून बंद करू नका आणि पुढच्या तारखेची वाटही बघू नका. आजच फोन करा.